लग्नाची पंगत : पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली



आमच्या शाळेच्या भिंतीवर एका जुन्या चित्राची छापील प्रत लावलेली आहे. धान्याच्या एका कोठारात लग्नाची पंगत बसली आहे, आणि दोन गडी एका लाकडी फळीवर वाडग्यांची रांगच्या रांग उचलून आणताहेत, असं ते चित्र. एकदा मुलाचा दाखला न्यायला आलेले एक शेतकरी पालक त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, ही फळी न्हवं. हे दार हाय. बिजागरीतनं काढल्यालं दार."

मी जवळ जाऊन पाहिलं, तर खरंच ते दार होतं! इतकी वर्षं ते चित्र मी मुलांना दाखवीत होतो, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "पराती कमी पडल्या म्हणून दार काढलं, ब्येस केलं. कर्ज तर काढलं न्हाई न्हवं?"

त्यांच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं, आणि त्यासाठी त्यांनी काय काढलं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांच्या त्या प्रश्नाला मला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून मी पुस्तकं चाळली, चित्रं पाहिली. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

युरोपच्या इतिहासात ज्याला प्रबोधनकाळ म्हणतात तो ढोबळमानाने इसवी सन १४०० ते १६०० चा काळ. इटलीतल्या फ्लोरेन्स, व्हेनिस, फेरारा अशा शहरांत व्यापाराने पैसा आला, आणि पैशाबरोबर विद्या, चित्रकला, शिल्पकला यांना बहर आला. त्या काळचे चित्रकार आणि पंडित आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो. पण त्या माणसांच्या घरी लग्न निघालं, की पंगत कशी बसे? पानात काय वाढीत? आणि तो खर्च त्यांना झेपे का? हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत, पण तुमच्या-माझ्या घरात मात्र येतात.

आधी श्रीमंताच्या घरी जाऊ या. त्या काळी जेवणाची मेजं कायमची मांडलेली नसत. लाकडी घोड्या उभ्या करायच्या, त्यांवर लांब फळ्या टाकायच्या, की झालं मेज. जेवणं आटोपली की फळ्या काढून दालन नाचगाण्याला मोकळं. आपण पाट मांडतो नि उचलतो, तसंच ते. मोठ्या मेजवानीत पाहुणे बहुधा मेजाच्या एकाच बाजूला, भिंतीकडे पाठ करून बसत. समोरची बाजू वाढप्यांसाठी मोकळी राही.

फळ्यांवर पांढरेशुभ्र कापड अंथरीत, आणि तेही एकावर एक दोन-तीन. वाढणीचा एक भाग संपला की वरचं डागाळलेलं कापड काढून घ्यायचे. खाली दुसरं स्वच्छ कापड तयारच! पाहुण्यांच्या हातावर झारीने पाणी घालीत आणि खाली तस्त धरीत. त्या पाण्याला गुलाबाचा किंवा दुसऱ्या फुलांचा सुवास दिलेला असे. हात धुण्याला एवढं महत्त्व का? कारण जेवण हातानेच व्हायचं. सुरी असे, चमचा असे. पण काटा हा प्रकार बऱ्याच काळपर्यंत मुख्यतः इटलीतच वापरात होता. टॉमस कोरियट नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६०८ मध्ये इटलीत लोकांना काट्याने खाताना पाहिलं, स्वतः ती सवय उचलली, १६११ मध्ये आपल्या प्रवासवर्णनात तसं लिहिलं, आणि मायदेशी लोक त्याला हसले. तेव्हा हाताने जेवणं म्हणजे मागासलेपण असं कुणी म्हणालं, तर त्याला ही हकीकत खुशाल सांगा.

शिक्षक बंधुभगिनींना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट इथेच सांगतो. इरॅस्मस या मोठ्या पंडिताने १५३० मध्ये मुलांच्या शिष्टाचारावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते युरोपभर शाळांतून शिकवलं गेलं. त्यात मेजाची मांडणी सांगितली आहे : उजव्या हाताला पेला आणि स्वच्छ पुसलेली सुरी, डाव्या हाताला पाव. हातरुमाल दिला तर तो डाव्या खांद्यावर किंवा हातावर टाकावा. चिकट बोटं चाटू नयेत, अंगरख्याला पुसू नयेत, रुमालाला पुसावीत. एवढ्या मोठ्या विद्वानाला ही गोष्ट लिहावीशी वाटली, याचा अर्थ बोटं चाटणारे आणि अंगरख्याला पुसणारे तेव्हा पुष्कळ होते, हे उघड आहे!

दालनाच्या एका बाजूला पायऱ्यापायऱ्यांची एक मांडणी असे. इटालियन भाषेत तिला 'क्रेदेन्झा' म्हणत. तिच्यावर चांदीची तबकं, सुरया, पेले, उर्बिनो आणि फाएन्झा या गावांची रंगीत चित्रांची मातीची ताटं, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर केलेली काचेची भांडी, असं सारं रचून ठेवीत. यांतली कितीतरी भांडी जेवणात हलतही नसत. ती बघण्यासाठी असत. आपल्याकडच्या बायकांना हे समजावून सांगायला नको. आपलं रुखवत नाही का? मांडवात ते मांडलेलं असतं, येणारी-जाणारी त्यापुढे उभी राहतात, आणि मुलीच्या माहेरची ऐपत डोळ्यांनी मोजतात. क्रेदेन्झाही यजमानाची ऐपत मोजायचं मापच होतं.

आता जेवणाकडे वळू. वाढणी दोन ठिकाणांहून होई. थंड पदार्थ क्रेदेन्झावरून आणि ऊन पदार्थ स्वयंपाकघरातून. एक फेरी थंड, एक फेरी ऊन, अशी पाळी चाले. थंडात फळं, कोशिंबिरीसारखा भाजीपाला, खारवलेलं मांस, बदाम आणि साखर कुटून केलेलं मार्झिपान; उन्हात भाजलेलं आणि उकडलेलं मांस, पक्षी, मासे, कणकेच्या कवचात भरून भाजलेले पदार्थ. शेवटी फळं, मुरंबे, आणि साखरेत घोळवलेले बदाम, धने, बडीशेप. हे शेवटचं तुम्हांला ओळखीचं वाटलं असेल. लग्नात वाटायची ती खडीसाखर-बडीशेप तिकडेही होती.

मांस कापून देणारा माणूस वेगळा असे. मोठ्या घरी तो मानकरीच. उत्तम कापणारा म्हणजे जो भाजलेला पक्षी काट्यावर टोचून हवेत उंच धरतो आणि सुरीने त्याचे काप बरोबर ताटात पाडतो. व्हिन्चेन्झो चेर्व्हिओ याचं या कलेवरचं पुस्तक १५८१ मध्ये छापलं गेलं. पोपच्या मुदपाकखान्यातला आचारी बार्तोलोमेओ स्काप्पी याने तर १५७० मध्ये हजाराहून अधिक पाककृतींचा ग्रंथ छापला. त्यात चुली, कढया, झारे, सुऱ्या यांची चित्रं आहेत. आचाऱ्याच्या हातची विद्या ग्रंथात यावी असं त्या काळाला वाटलं, ही मला त्या काळाची मोठी खूण वाटते.

त्या पंगतीतला एक मानाचा पदार्थ होता 'ब्यांकोमान्जारे', म्हणजे पांढरं खाणं. बदामाचं दूध, तांदळाचं पीठ, साखर आणि गुलाबपाणी. ऐकताना आपली खीरच वाटते ना? पण थांबा. त्यात कोंबडीच्या छातीचं मांस तंतू तंतू करून शिजवलेलं असे! मांसावर साखर आणि दालचिनी भुरभुरवणं ही त्या काळी श्रीमंतीची खूण होती. उपवासाचे दिवसही कडक पाळीत. शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य. मग मासे आणि बदामाचं दूध यांवर भागवावं लागे.

आता त्या पानात काय नव्हतं ते ऐका. सुरुवातीच्या काळात बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, मिरची नव्हती, मका नव्हता. ही सारी अमेरिकेची पिकं. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर ती इकडे आली, आणि आल्यावरही पानात रुळायला त्यांना खूप दिवस लागले. हल्ली युरोप-अमेरिकेत काही हौशी जोडपी या जुन्या काळच्या थाटात आपलं लग्न करतात. घोड्यांवर फळ्या टाकून मेजं मांडतात, मेणबत्त्या लावतात, जुन्या धर्तीचे झगे शिवतात. आणि मग पानात तळलेला बटाटा आणि टोमॅटोची चटणी आली, की जाणकार गालातल्या गालात हसतात. पण आपण त्यांना हसू नये. मिरचीवाचून आपलं पान सुनं वाटतं, आणि ती मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागलेली आहे. तिच्याआधी आपल्या घरी तिखटाचं काम मिरी, आलं आणि पिंपळी करीत.

मिरीचं नाव निघालं, तर आणखी थोडं सांगतो, कारण इथे त्या पंगतीचा धागा आपल्या देशाशी जुळतो. मलबारची मिरी अरबी व्यापाऱ्यांच्या हातून अलेक्झांड्रियाला जाई, तिथून व्हेनिसला. फोडणीला टाकायची ती मिरी व्हेनिसच्या सावकारांना श्रीमंत करून गेली. त्या व्यापारात शिरण्यासाठीच वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. तिकडच्या पंगतीतल्या चवीचा इकडच्या माणसांच्या नशिबाशी असा संबंध पोचला.

साखरेचं तर नावच आपलं. संस्कृत शर्करा, अरबीत सुक्कर, इटालियनमध्ये झुक्केरो. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात प्राचीन काळापासून होती. अरबांनी ती भूमध्य समुद्राच्या काठी नेली. पुढे पोर्तुगीजांनी मदैरा बेटावर आणि नंतर ब्राझीलमध्ये उसाचे मळे केले, आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना राबवलं. मेजावरचं कापड कितीही शुभ्र असलं, तरी त्यावरच्या त्या पांढऱ्या साखरेमागे कुणाचा घाम होता, हे मुलांना सांगितल्याशिवाय तो धडा पुरा होत नाही.

आणि या साखरेचं ते करीत तरी काय? पुतळे! १४७५ च्या मे महिन्यात पेझारो या गावी कोस्तान्झो स्फोर्झा आणि आरागोनची कामिल्ला यांचं लग्न झालं. त्या मेजवानीत बारा वेळा वाढणी झाली. ऊन पदार्थ सूर्याच्या नावाने आणि थंड पदार्थ चंद्राच्या नावाने. दर वाढणीला जुन्या ग्रीक-रोमन पुराणातल्या देवतांचं सोंग घेतलेली माणसं पुढे येऊन बोलत. या सोहळ्याचा चित्रांसह लिहिलेला वृत्तांत आजही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. फ्लोरेन्समध्ये १६०० च्या ऑक्टोबरात मारिया द मेदिची हिचं लग्न फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्याशी लागलं. नवरामुलगा स्वतः हजर नव्हता. त्याच्या वतीने वधूचा काकाच उभा राहिला. पण मेजवानीच्या मेजावर राजा होता, घोड्यावर बसलेला, आणि साखरेचा! त्या काळचा थोर शिल्पकार जांबोलोन्या याच्या नमुन्यांवरून हे साखरेचे पुतळे ओतले होते.

भाजलेल्या मोराला पुन्हा त्याचीच पिसं चढवून मेजावर आणीत. कणकेच्या मोठ्या कवचात जिवंत पाखरं कोंडून, कवच फोडताच ती भुर्रकन उडावीत अशी करामतही पाकपुस्तकात दिलेली आहे. पाखरं उडाली, पाहुणे हसले. पण पोटात काय गेलं? हा प्रश्न त्या पंगतीत कुणी विचारीत नसे.

अर्थात, विचारणारे अगदीच नव्हते असं नाही. सरकार विचारीत होतं. व्हेनिसमध्ये उधळपट्टीवर नजर ठेवायला खास अधिकारी नेमलेले होते. १५६२ मध्ये तिथे एक कायदा झाला. लग्नाच्या मेजवानीत भाजलेल्या मांसाची एक फेरी आणि उकडलेल्या मांसाची एक फेरी, याहून जास्त नको. रानपाखरं नकोत. अमेरिकेहून आलेला टर्की कोंबडा, ज्याला ते लोक 'हिंदी कोंबडा' म्हणत, तोही नको. ट्राउट आणि स्टर्जन हे भारी मासे नकोत, साखरेची कलाकुसर नको. शेवटी साधी मिठाई आणि मोसमातली फळं द्यावीत. आचाऱ्यांनी आणि कारभाऱ्यांनी आपण कुठे, केव्हा स्वयंपाक करणार याची वर्दी आधी द्यावी, म्हणजे अधिकाऱ्यांना येऊन तपासता येईल.

आता गंमत पहा. त्याच १५६२ साली, त्याच व्हेनिसमध्ये, सान जॉर्जो माज्जोरे या मठाने आपल्या भोजनगृहासाठी चित्रकार व्हेरोनेझे याच्याकडून एक चित्र करून घ्यायचा करार केला. विषय बायबलातला, काना गावच्या लग्नाचा. तिथे द्राक्षारस संपला तेव्हा येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, अशी कथा आहे. म्हणजे मुळात ही एका साध्या घरची, पंगतीला उणं पडल्याची गोष्ट. पण व्हेरोनेझेने काय काढलं? संगमरवरी खांब, रेशमी झगे, वाजंत्री, चांदीसोन्याच्या भांड्यांनी भरलेली मांडणी, काचेचे नाजूक पेले, शेवटच्या फळफळावळीला पोचलेले पाहुणे, दातकोरणं चालवणारी एक बाई, आणि शंभरावर माणसांची दाटी! सुमारे बावीस फूट उंच आणि बत्तीस फूट रुंद असं ते चित्र १५६३ मध्ये पुरं झालं. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने ते पॅरिसला नेलं. तिथल्या लूव्र संग्रहालयात ते आहे. कायद्याने जे नको म्हटलं, तेच मन भरून भिंतीवर आलं.

आणि कायदा करणाऱ्यांचं काय? बारा वर्षांनी, १५७४ मध्ये, फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला. व्हेनिसच्या राज्याने त्याच्यासाठी जी मेजवानी मांडली, तिच्यात राजाने हातरुमाल उचलला, तो त्याच्या हातात मोडला. रुमाल साखरेचा होता! ताटं, सुऱ्या, पाव, सारं साखरेचं. आपल्या माणसांना साखरेची कलाकुसर बंद, आणि पाहुण्या राजापुढे साखरेचाच बाजार. कायदे पुन्हा पुन्हा करावे लागले, यातच ते पाळले जात नव्हते हे आलं.

मग साधेपणा कुठे दिसलाच नाही का? दिसला, आणि तो अशा घरी दिसला की जिथे कुणी अपेक्षा केली नसती. १४६९ च्या जून महिन्यात फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्यातला लोरेन्झो याचं क्लारीचे ओर्सिनी या रोमच्या मुलीशी लग्न झालं. शहरातलं पहिलं घराणं ते. हाताखालच्या गावांतून आणि स्नेह्यांकडून आहेर आला, त्यात दीडशे वासरं होती, कोंबड्या-बदकांच्या दोन हजारांवर जोड्या होत्या. जेवणावळी रविवारपासून मंगळवारपर्यंत चालल्या. वधू पन्नासेक तरुण स्त्रियांसह बागेकडच्या ओसरीत जेवायला बसे, वयस्क बायका सासूबरोबर निराळ्या, पुरुषांच्या पंगती निराळ्या. हेही आपल्याला परकं नाही.

पण त्या समारंभाचा जो वृत्तांत पारेंती नावाच्या फ्लोरेन्सकराने लिहून ठेवला आहे, त्यात तो सांगतो की चांदीची मांडणी केलेलीच नव्हती. वाड्याच्या चौकात दोनातेल्लोच्या कांस्यमूर्तीभोवती मेजं मांडून त्यांवर पितळेच्या मोठ्या घंगाळांत पेले ठेवले होते, आणि मागे उभे राहिलेले लोक मागेल त्याला पाणी किंवा द्राक्षारस देत होते. आणि भाजलेल्या मांसाचा पदार्थ एका जेवणात एकच. का? तर लग्नात साधेपणाची मर्यादा कुणी ओलांडू नये, हा धडा इतरांना मिळावा म्हणून.

आता कुणी म्हणेल, दीडशे वासरं आली तो साधेपणा कसला? म्हणणं बरोबर आहे. तीन दिवस अवघं शहर जेवू घालणं हा काही गरिबाचा घास नव्हे. पण त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. ज्याच्याजवळ चांदी होती त्यानेच ती आत ठेवली. ज्याच्याजवळ नाही त्याने साधं लग्न केलं तर लोक म्हणतात, ऐपत नव्हती. ज्याच्याजवळ आहे त्याने केलं, तर ती चाल पडते. गावात साध्या लग्नाची सुरुवात कुणी करावी याचं उत्तर यात आहे. ती पाटलाने करावी, सावकाराने करावी, नोकरदाराने करावी, आणि आपण शिक्षकांनी करावी. गरिबाला उपदेश करण्याचं काम मात्र कुणीच करू नये.

आता त्या दाराकडे येऊ. ते चित्र पीटर ब्रॉयगेल या चित्रकाराचं. काढलं १५६७ च्या सुमारास, म्हणजे व्हेनिसच्या त्या भव्य चित्रानंतर चारपाच वर्षांनी. ब्रॉयगेल फ्लँडर्सचा, आजच्या बेल्जमकडचा. त्याचं चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. प्रसंग तोच, लग्नाची पंगत. पण संगमरवर नाही, खांब नाहीत. सुगी झालेली आहे आणि कोठार पेंढ्यांनी छतापर्यंत भरलेलं आहे. भिंतीवर दोन पेंढ्या दंताळ्यावर टांगल्या आहेत. तीच सजावट! वधूच्या पाठीमागे एक गडद हिरवं कापड टांगलंय आणि वर कागदाचा मुकुट लटकतो आहे. वधू हात जुळवून गप्प बसली आहे, काही खात नाही. नवरा नेमका कोणता, यावर जाणकारांचं एकमत नाही.

मेजावर पांढरं कापड आहे. बसायला ओबडधोबड बाकं. वाढायला काय? वाडग्यांतून पिवळट आणि पांढरट लापशीसारखं अन्न. जोडीला पाव. एक गडी मोठ्या घागरीतून छोट्या सुरयांत पेय ओततो आहे. एका वाढप्याने चमचा आपल्या टोपीतच खोवून ठेवला आहे. जमिनीवर बसलेलं एक पोर, डोक्यावर आपल्या मापाहून मोठी टोपी, बोट चाटून चाटून वाडगं निपटतं आहे. इरॅस्मसचं पुस्तक त्याच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही! दोघे वाजंत्री उभे आहेत, त्यांतला एक वाजवायचं विसरून अन्नाकडे पाहतो आहे. दाराशी माणसांची रीघ लागली आहे. आणि मधोमध ते दार, त्यावर ते वाडगे.

मला त्या चित्रात सर्वांत आवडतं ते मेजाशी बसलेल्या एका माणसाचं काम. तो वळून दारावरचा वाडगा उचलतो आणि पुढच्याला देतो. वाढपी आणि पाहुणा असा भेदच तिथे फार नाही. जो जवळ बसला आहे त्याने पुढे द्यायचं. आपल्या गावच्या पंगतीत पोरं कमरेला पंचा गुंडाळून वाढायला उठतात, तेच हे.

त्या लग्नासाठी कर्ज काढलं होतं का? चित्र ते सांगत नाही. पण चित्रात एकही वस्तू अशी दिसत नाही की जी केवळ लोकांनी बघावी म्हणून उसनी आणली असावी. दार घरचं, दंताळं घरचं, पेंढ्या घरच्या शेतातल्या. कागदाचा मुकुट आणि हिरवं कापड, एवढाच काय तो थाट. तेवढा मात्र हवा. मुलीचं लग्न आहे. तिच्या पाठीमागे एक कापड सजलेलं असावं, असं आईबापाला वाटणारच. त्या वाटण्याला मी नावं ठेवणार नाही.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गात जमिनीवर खडूने एक लांब मेज आखा. मुलं एकाच बाजूला बसवा. डावीकडे भाकरी, उजवीकडे पेला. दोन मुलं झारी-तस्त घेऊन सर्वांच्या हातावर पाणी घालतील. मग आपल्या रोजच्या जेवणातले पदार्थ फळ्यावर लिहा आणि विचारा, कोलंबसाच्या आधी यांतलं काय आपल्याकडे नव्हतं? मिरची खोडा, बटाटा खोडा, टोमॅटो खोडा, मका खोडा, भुईमूग खोडा. काय उरलं ते पहा. इतिहास, भूगोल आणि शेती हे तीन विषय एका तासात होतील, आणि पोरं हा तास विसरणार नाहीत. शेवटी दोन चित्रं शेजारी ठेवा, व्हेरोनेझेचं आणि ब्रॉयगेलचं, आणि विचारा, तुम्हांला कोणत्या पंगतीत बसायला आवडेल? मी विचारलं होतं. बहुतेक पोरांनी दाराकडे बोट दाखवलं. एक मुलगी म्हणाली, "तिथं मागितलं तर पुन्हा वाढतील, गुरुजी."

श्रोते हो, ते पालक पुढे एकदा शाळेत आले, तेव्हा हे सारं मी त्यांना सांगितलं. साखरेच्या रुमालाची गोष्ट ऐकून ते पोट धरून हसले. मग थोडा वेळ गप्प राहिले. "धाकटीचं लगीन हाय पुढल्या साली," ते म्हणाले. "आचारी सांगतो, दोन गोड पदार्थ पाहिजेत, न्हाईतर सोयरे नावं ठेवतील."

"मग तुम्ही काय ठरवलं?" मी विचारलं.

"एकच करीन. पण पोटभर," ते म्हणाले, "आणि वाढायला मी सोता उभा राहीन."

यावर मी आणखी काय बोलणार? येत्या हंगामात तुमच्यापैकी कित्येकांच्या दारी मांडव पडेल. तुमचा मांडव तुम्हांला लाभो, आणि तुमच्या पंगतीतून कुणी अर्ध्या पोटी न उठो, एवढी इच्छा करतो आणि तुमची रजा घेतो. नमस्कार.